मुलांच्या हाती गावाची माती

पर्यावरण हा शब्द मराठीत रुळल्याला फार दिवस झालेले नाहीत. १९७२ सालच्या जून महिन्यात स्वीडनची राजधानी स्टॉकहोम येथे संयुक्त राष्ट्रसंघाने मानवी पर्यावरणाविषयी मोठी जागतिक परिषद भरविली. त्यानंतर हा शब्द सरकारी कागदांतून, वर्तमानपत्रांतून आणि शेवटी शाळेच्या पुस्तकांतून आपल्या दारी आला. त्याच साली मराठवाड्यात काय चालले होते, हे वडीलधाऱ्या मंडळींस आम्ही सांगावयास नको. विहिरींनी तळ दाखविला होता, गुरे कवडीमोलाने विकली जात होती, आणि घरची जमीन असलेली माणसेदेखील दुष्काळी कामावर खडी फोडावयास बसली होती. सुकडी आणि मिलो ह्या दोन शब्दांची चव त्या पिढीच्या जिभेवरून अजून गेलेली नाही. तिकडे विद्वान मंडळी पर्यावरणावर निबंध वाचीत होती आणि इकडे आमचे आईबाप त्याच विषयाचा धडा हातोड्याने गिरवीत होते. ह्या दोन शिक्षणांची गाठ अजून नीटशी पडलेली नाही. ती मुलांच्या शाळेत, आणि तीही चित्रकलेच्या तासाला, कशी पाडता येईल हे सांगण्याचा आज आमचा विचार आहे.

आम्ही शिक्षक नव्हे. हमाल, मापाडी आणि ऊसतोड कामगार यांच्या संघटनेचे काम करीत आमची उमर गेली. जे काही वाचन झाले ते रात्री, वाचनालयाच्या बाकावर. तेव्हा चित्रकलेवर बोलण्याचा आमचा अधिकार कोणता, असे कोणी विचारले तर ते रास्तच होईल. पण मोर्च्याचे फलक रंगविण्यात आम्ही पुष्कळ रात्री घालविल्या आहेत. चार पानांचे पत्रक ज्याला वाचता येत नाही त्याला फलकावरचे एक नेमके चित्र सगळे सांगून जाते, आणि चित्र काढणाराला तर त्याहूनही अधिक सांगते. कारण हमालाच्या पाठीवरचे पोते काढावयाचे तर ते पाठीवर नेमके कोठे टेकते, मान कशी वाकते, हे आधी पाहावे लागते. पाहिल्यावाचून काढता येत नाही, आणि काढल्यावाचून पुरते पाहिले जात नाही.

आता शाळांत सध्या काय चालते ते पाहू. १९९१ साली महेशचंद्र मेहता ह्या वकिलांच्या अर्जावर सर्वोच्च न्यायालयाने असा आदेश दिला की, पर्यावरणाचे शिक्षण देशातल्या विद्यार्थ्यांस सक्तीचे असावे. आदेश चांगला होता. आपल्याकडे खालच्या इयत्तांत ‘परिसर अभ्यास’ हा विषय आहे. आमच्या मते तर ‘पर्यावरण’ ह्यापेक्षा ‘परिसर’ हा शब्द अधिक सरस, कारण त्यात आपले घर, गल्ली, ओढा हे सारे आपोआप येते. पण विषय सक्तीचा झाला की त्याला गुण आले, गुणांच्या मागून प्रकल्प आला, आणि प्रकल्पाच्या मागून दुकान आले. आज तालुक्याच्या कोणत्याही स्टेशनरीच्या दुकानात जा आणि ‘पर्यावरणाचा प्रकल्प द्या’ म्हणा. थर्माकोलचा पांढरा तक्ता, त्यावर हिरव्या मखमली कागदाचा डोंगर, कापसाचे ढग, निळ्या जिलेटीनची नदी आणि ‘झाडे लावा, झाडे जगवा’ अशी छापील पट्टी. सारे एका पिशवीत मिळते. हे थर्माकोल म्हणजे फुगविलेले पॉलिस्टायरिन. ते कुजत नाही. मोडले की त्याचे दाणे होतात आणि वाऱ्याने, पाण्याने गावभर जातात. २०१८ च्या मार्चमध्ये महाराष्ट्र सरकारने प्लास्टिकबंदीची अधिसूचना काढली, तीत थर्माकोलची ताटे, पेले आणि सजावट यांवरही बंदी आली. तरी त्यातूनच वसुंधरा वाचविण्याचे देखावे उभे राहतात आणि तपासणी झाली की शाळेच्या मागल्या उकिरड्यावर जातात.

विनोद म्हणून हे सोडून देता आले असते. परंतु त्यात एक अन्यायही आहे. आमच्या एका हमाल सभासदाच्या मुलाने असा प्रकल्प घरीच केला. दुकानच्या पिशवीला बापाच्या अर्ध्या दिवसाची हमाली पडली असती. म्हणून पोराने ओढ्याची माती आणली, तिचा माळ केला, आणि माळावर जी गवते खरोखर उगवतात ती वाळवून एकेक रोवली. कुसळी कोणती, पवना कोणता, शेळी कोणते गवत खाते आणि कोणत्याला तोंड लावीत नाही, हे त्याला येत होते. त्याला गुण कमी मिळाले. कारण विचारले तेव्हा ‘नीटनेटकेपणा नाही’ असे उत्तर आले. शाळेचे नाव घेण्याचे कारण नाही. असे कोठेही घडते. पण ज्या मुलाजवळ परिसराचे ज्ञान खरोखरच होते तेच मूल परिसराच्या विषयात मागे पडले, आणि बापाच्या पैशाने पिशवी आणणारे पुढे गेले, ह्याला काय म्हणावे? कष्टकऱ्यांची मुले पुष्कळ विषयांत घरच्या स्थितीमुळे मागे पडतात. हा एक विषय असा होता की ज्यात ती पुढे असती.

ह्या गोष्टीवर महाराष्ट्रात पूर्वी कोणी विचारच केला नाही असे मात्र नाही. उलट, फार चांगला विचार झालेला आहे; आपणच तो विसरलो. ताराबाई मोडक यांनी गिजुभाई बधेका यांच्याबरोबर भावनगरला बालशिक्षणाचे काम केले. १९२६ साली नूतन बालशिक्षण संघ निघाला. शिक्षणाची पद्धत मॅडम माँटेसोरीची. पण माँटेसोरीचे साहित्य परदेशी घाटाचे आणि महाग. १९४५ साली ताराबाई ठाणे जिल्ह्यातल्या बोर्डीस आल्या, तेथे अनुताई वाघ त्यांस येऊन मिळाल्या, आणि पुढे कोसबाडच्या टेकडीवर आदिवासी मुलांसाठी काम उभे राहिले. (हा भाग आता पालघर जिल्ह्यात येतो.) तेथे त्यांनी काय केले? लाकडी ठोकळ्यांच्या जागी बिया, शंखशिंपले, खडे, पाने, फुले, माती ही साधने घेतली. लहानमोठे, जडहलके, खरखरीत-गुळगुळीत हे सारे मूल त्यांवरून शिकू लागले. रांगोळी, मातकाम, पानाफुलांची नक्षी हे खेळही त्यांतूनच आले. मूल शाळेत येत नाही ना, मग बाई मुलाच्या अंगणात जाऊन बसल्या, ती अंगणवाडी. गुरे राखणारी पोरे अंगणातही सापडत नाहीत, तेव्हा शाळा गुरांच्या मागे रानात गेली, ती कुरणशाळा. आज देशभर अंगणवाड्या आहेत, पण शाळेने मुलाच्या मागे जावयाचे ही मूळची गोष्ट त्यांतून बरीचशी निसटली आहे. ताराबाई १९७३ साली गेल्या, अनुताई १९९२ साली.

दुसरे उदाहरण सेवाग्रामचे. १९३७ च्या ऑक्टोबरात वर्ध्यास शिक्षणपरिषद झाली आणि गांधीजींची नयी तालीम तेथून सुरू झाली. तिच्यातला एक भाग आम्हांस पूर्वीपासून खटकत आला आहे. मुलांच्या हातच्या उत्पादनातून शाळेचा खर्च बराचसा निघावा, असे गांधीजींचे म्हणणे होते. कामगार चळवळीतल्या माणसाला हे कसे रुचावे? मुलाच्या हाताने शिकावे, कमवावे मोठ्यांनी. परंतु ह्याच सेवाग्रामात १९४४ साली देवीप्रसाद हे कलाशिक्षक आले. शांतिनिकेतनात नंदलाल बोस यांच्या हाताखाली ते शिकले होते. जवळजवळ अठरा वर्षे त्यांनी खेड्यातल्या मुलांस चित्रकला आणि मातकाम शिकविले, आणि कला हा शिक्षणातला एक अलंकार नसून पायाच आहे असे मत पुस्तक लिहून मांडले. मुलाने कोणा मोठ्याच्या चित्राची नक्कल करू नये, स्वतः पाहिलेले आणि जाणलेले काढावे, ह्यावर त्यांचा भर असे. ह्या मुद्द्यावर आम्ही त्यांच्या पुरते बाजूचे आहोत.

नक्कल हा शब्द आलाच आहे म्हणून वारली चित्रांविषयी एक शब्द. डहाणू तालुक्यातल्या गंजाडचे जिव्या सोमा म्हसे यांनी ही कला जगभर नेली. २०११ साली त्यांस पद्मश्री मिळाली, २०१८ साली ते वारले. गेरूने आणि शेणामातीने सारविलेल्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने काढलेली ही चित्रे. त्यांत त्या लोकांचे भात, त्यांची झाडे, त्यांची शिकार, त्यांचे लग्न आहे. मूळची ती लग्नाच्या चौकाची, बायकांच्या हातची कला. आता आपल्याकडे शाळेच्या कुंपणावर दोन त्रिकोण आणि एक गोल काढून वारली चित्र झाले असे म्हणतात. वारल्यांची चित्रे मोलाची आहेत ती ह्यासाठी की त्यांनी आपला परिसर काढला. आमच्या मुलांनी त्यांच्यापासून शिकावयाचे असेल तर त्यांची माणसे उचलू नयेत, आपली काढावी. आपल्याकडे कापूस आहे, ज्वारी आहे, तूर आहे, बालाघाटचे बोडके माळ आहेत, आणि डोक्यावर घागरी घेतलेल्या बायका आहेत.

आता प्रत्यक्ष कामाकडे येतो. राणीसावरगावासारख्या गावात एका शाळेने वर्षभर काय करावे? पहिले काम मातीचे. आणि हे आम्ही जरा सविस्तर सांगणार आहोत, कारण सारी गंमत त्याच्या तपशिलात आहे.

मुलांनी पाच ठिकाणची माती आणावी: काळ्या रानातली, माळावरचा मुरूम, ओढ्याकाठचा गाळ, जुन्या वाड्याच्या पडक्या भिंतीची पांढरी, आणि जेथे सापडेल तेथली तांबडी. ‘काळी’ म्हणजे शेत आणि ‘पांढरी’ म्हणजे वस्ती, हा आपल्या बोलीतला जुना भेद मुलांस येथेच कळतो. मग एकेक मूठ माती तांब्याभर पाण्यात घालून ढवळावी, सावकाश दहा आकडे मोजावेत, आणि वरचे गढूळ पाणी अलगद दुसऱ्या भांड्यात ओतावे. खाली राहिली ती वाळू आणि बारीक खडे. गढूळ पाणी रात्रभर तसेच ठेवावे. सकाळी वर नितळ पाणी आणि तळाशी लोण्यासारखा मऊ थर दिसतो. पाणी काढून टाकावे, थर सावलीत वाळवावा आणि पाट्यावर वाटावा. हा झाला रंग. तो कागदावर धरून राहावा म्हणून त्यात बाभळीचा डिंक घालावयाचा. डिंक आदल्या रात्री पाण्यात भिजत ठेवला की पुरे. कुंचल्याला शिंदीची काडी टोकाशी ठेचून घ्यावी. काळ्यासाठी कोळसा, पांढऱ्यासाठी चुना. पळसाची फुले उकळली की केशरी पाणी मिळते, ते रंगपंचमीमुळे सर्वांस ठाऊक आहे. हळदीचा पिवळा सुंदर दिसतो, आणि त्यात चुना पडताच लालभडक होतो; मुले ह्या जादूवर फार खूश असतात. पण हळदीचे चित्र उन्हात टांगले की थोड्याच दिवसांत उडते, आणि मातीचे चित्र उडत नाही. रंगांत टिकाऊ कोण, हेही कोणी न सांगता कळले.

आता ह्यात पर्यावरण कोठे आले? ते त्या तांब्यात आले. दहा आकडे मोजेपर्यंत जड वाळू खाली बसली आणि बारीक, सुपीक माती पाण्याबरोबर वरून गेली. मृगाच्या पहिल्या मोठ्या पावसात उघड्या रानात हेच होते. ओढा चहासारखा लाल-काळा होऊन वाहतो तेव्हा त्यातून जी जाते ती हीच लोण्यासारखी माती, आणि रानात मागे राहतात ते खडे. इंचभर माती तयार व्हावयास शेकडो वर्षे लागतात. ही गोष्ट पुस्तकात ‘जमिनीची धूप’ ह्या मथळ्याखाली दिलेली असते आणि मुले ती पाठ करतात. पण ज्या मुलाने स्वतः माती निथळून तिचा रंग केला त्याला बांध कशासाठी घालतात, उताराला आडवे का नांगरतात आणि तळ्यातला गाळ काढून रानात का टाकतात, हे पाठ करावे लागत नाही.

आणखी एक गोष्ट. काळ्या मातीचा रंग कागदावर जाड दिला तर वाळताना त्याला भेगा पडतात आणि पोपडे सुटतात. शिक्षकाने तो कागद टाकून देऊ नये. काळ्या मातीत चिकणमाती फार. ती पाणी पिऊन फुगते आणि वाळली की आकसते. वैशाखात रानाला पायाचा पंजा जाईल एवढ्या भेगा पडतात त्या ह्याच कारणाने. कागदावरची भेग आणि रानातली भेग शेजारी शेजारी पाहणारे मूल जे शिकते ते आम्हांस चाळिशीत, कृषी विद्यापीठाच्या एका पुस्तिकेवरून कळले.

हात मळतात, गणवेश खराब होतो, अशी तक्रार येईल. ती शहरातल्या शिकलेल्या आया करतात. आपल्याकडे ती ऐकू येऊ लागली आहे ह्याचे नवल वाटते. गंगाखेड आपल्यापासून किती लांब आहे? तेथल्या जनाबाईंनी दळण-कांडण करताना आणि गोवऱ्या थापताना जे पाहिले त्याला महाराष्ट्र सातशे वर्षे हात जोडीत आला आहे. दिवाळीत आपल्या अंगणात शेणाच्या गवळणी होतात, पोळ्याला मातीचे बैल होतात. आता ते बैलही प्लास्टरच्या साच्यातून, तयार रंगाचे येऊ लागले. प्लास्टर ऑफ पॅरिस पाण्यात मातीसारखे विरघळत नाही. म्हणून तर केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०२० च्या आपल्या मार्गदर्शक सूचनांत त्याच्या मूर्तींस मनाई केली. गणपतीपुरता हा वाद वर्तमानपत्रांत पुष्कळ गाजतो. पोळ्याचा बैल कोणाच्या ध्यानातही नाही. एका वर्षी सगळ्या शाळेने ओढ्याच्या गाळाचे बैल करून गावास दिले तर बाजारचा बैल कोण घेईल?

झाडाचे काम सोपे आहे आणि ते थोडक्यात सांगून पुढे जातो. प्रत्येक मुलाने एक झाड निवडावे आणि दर महिन्याला त्याच जागी बसून तेच झाड काढावे. बारा महिन्यांची बारा चित्रे. फाल्गुनात पळस पानावाचून फुललेला असतो, चैत्रात लिंब कोवळा होतो, बाभूळ पावसाळ्यात पिवळी होते. गावाच्या नावात सावर आहे. सावरीचे झाड पाहून ओळखणारी मुले किती निघतात, हेही एकदा अजमावून पाहावे. परभणी जिल्ह्यात शंभर एकरांत दोन एकरही जंगल नाही. तेव्हा एका झाडाचा बारा महिने हिशेब ठेवणारी शंभर मुले म्हणजे लहान गोष्ट नव्हे. झाड मध्येच कोणी तोडले तर उरलेल्या पानांवर मूल काय काढील ते त्यालाच ठरवू द्यावे.

पाण्याचे काम मात्र अवघड आहे, आणि ते आम्हांस सर्वांत महत्त्वाचे वाटते. दोरीला हातहात अंतरावर गाठी मारावयाच्या, टोकाला दगड बांधावयाचा, आणि शिक्षकाने स्वतः उभे राहून, कठडा असलेल्या विहिरीतच ती सोडावयाची. कोरड्या गाठी मोजावयाच्या. शाळेच्या भिंतीवर गेरूने विहिरीचे उभे चित्र काढून त्यात त्या महिन्याची पाण्याची रेघ चुन्याने ओढावयाची. सरकारचे भूजल सर्वेक्षण खातेही हेच करते. ठरविलेल्या निरीक्षण विहिरींची पातळी ऑक्टोबर, जानेवारी, मार्च आणि मे अशी वर्षातून चार वेळा मोजली जाते. मुलांनी दर महिन्याला मोजावी. कार्तिकापासून ज्येष्ठापर्यंत ती पांढरी रेघ कशी खाली उतरत गेली हे चित्र भिंतीवर उभे राहिले की ते मुलांपुरते राहत नाही. येणारा-जाणारा थांबतो. मग प्रश्न निघतात. अमक्या महिन्यात रेघ एकदम का घसरली? त्या महिन्यात शेजारच्या रानात नवे बोअर लागले का? महाराष्ट्राच्या भूजल अधिनियमाने शेतीसाठी आणि उद्योगासाठी साठ मीटरांहून खोल विहीर घेण्यास मनाई आहे. साठ मीटर म्हणजे सुमारे दोनशे फूट. आपापल्या बोअरची खोली ज्याने त्याने मनातल्या मनात आठवावी. मोठ्याने सांगण्याची गरज नाही.

येथेच काही सज्जनांस भीती वाटू लागते. मुलांस चित्रे काढू द्या, झाडांवर प्रेम करू द्या, पण हे राजकारण कशाला, असे ते म्हणतात. आमचे उत्तर असे की, राजकारण त्या थर्माकोलच्या देखाव्यातही आहे. त्या देखाव्यात नदी मेली ती ‘मानवाने’ मारली असे लिहिलेले असते. कोणत्या मानवाने? घागरभर पाण्यासाठी मैलभर चालणाऱ्या बाईने, की नदीच्या पात्रातून रात्रंदिवस वाळू नेणाराने? दोघांस एकाच शब्दात कोंबून मुलाला अपराधी वाटावयास लावणे, हे आम्हांस शिक्षण वाटत नाही. चित्र ही साक्षही असू शकते. १९४३ साली बंगालमध्ये दुष्काळ पडला तेव्हा चित्तप्रसाद नावाचा तरुण चित्रकार मेदिनीपूर भागात पायी हिंडला आणि उपाशी माणसे जशी दिसली तशी काळ्या शाईने काढीत गेला. इंग्रज सरकारने त्याच्या पुस्तकाच्या प्रती जप्त करून जाळल्या. हा चित्तप्रसाद पुढे मुंबईत अंधेरीस राहत असे. शाळेतल्या मुलांनी चित्तप्रसाद व्हावे असे आम्ही म्हणत नाही. पण जे दिसते ते दिसते तसे काढण्याची मुभा त्यांस असावी.

आता ज्या गोष्टीसाठी आम्ही हा विषय मुळात घेतला तिच्याकडे येतो. झाडाची बारा चित्रे आम्ही सांगितली, विहिरीच्या बारा रेघा सांगितल्या. पण आपल्या गंगाखेड तालुक्यातल्या आणि शेजारच्या तालुक्यांतल्या कित्येक मुलांचे बारा महिने गावात जातच नाहीत. दसरा-दिवाळी झाली की ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. पश्चिम महाराष्ट्र, कर्नाटक, जेथे मुकादमाने उचल दिली असेल तेथे. घरी म्हातारे माणूस असेल तर मूल मागे राहते, नसेल तर बैलगाडीत किंवा ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत भांड्याकुंड्यांबरोबर तेही जाते, आणि चैत्राच्या सुमारास परत येते. हजेरीपटावर त्याच्या नावापुढे पाच-सहा महिने गैरहजेरी लागते. कारखान्यांच्या आवारात साखरशाळा काढण्याचे प्रयत्न झाले आहेत, काही चांगलेही झाले. त्यांविषयी बोलावयाचे तर एक स्वतंत्र व्याख्यान लागेल.

आमची सूचना एवढीच की, जाणाऱ्या मुलाच्या हाती शाळेने एक कोरी वही आणि कोळशाच्या दोन कांड्या द्याव्यात, आणि मातीचे काम त्याला आधी शिकवून ठेवावे. माती तर तिकडेही आहे. त्याने तिकडचा परिसर काढावा. कोपी कशी उभी राहते, पाचट कसे जळते आणि त्याचा धूर कोणीकडे जातो, मळीचा वास कोठून येतो, उसाला पाणी कोठून आणि किती दिवसांनी येते, कालव्यात पोहणारी पोरे, ऊस तुटल्यावर रानातून पळणारे ससे. तिकडच्या मातीचा रंगही त्याने करून आणावा. परत आल्यावर ही वही आणि गावातल्या मुलांची भिंत शेजारी ठेवावी. एकीकडे मे महिन्यात तळाला गेलेली पांढरी रेघ, दुसरीकडे भरलेला कालवा. केंद्र सरकारच्या कृषी मूल्य आयोगाने आपल्या अहवालात म्हटले आहे की, महाराष्ट्रात पिकाखालच्या जमिनीपैकी चार टक्क्यांहूनही कमी जमिनीत ऊस आहे, आणि ओलिताच्या पाण्यापैकी जवळजवळ सत्तर टक्के पाणी तो घेतो. हा आकडा मोठ्या माणसांच्या सभेत आम्ही पुष्कळदा सांगितला आहे. लोक ऐकतात आणि विसरतात. २०१६ च्या एप्रिलात शेजारच्या लातूरला मिरजेहून आगगाडीने पाणी आणावे लागले, पहिल्या गाडीत दहा वाघिणी आणि पाच लाख लिटर पाणी होते. तेही आता लोक विसरू लागले. पण ज्या मुलाने स्वतःच्या हाताने दोन्ही चित्रे काढली ते मूल विसरणार नाही, आणि ‘माझे आईबाप पाणी असलेल्या रानात ऊस तोडतात, मग आमच्या विहिरीत पाणी का नाही?’ हा प्रश्न ते विचारील. उत्तर कोणापाशीही अर्ध्या वाक्यात नाही. कारखाना बंद करा असे म्हणणे सोपे. ह्या मुलाच्या घरची चूल त्याच कारखान्यावर पेटते. ठिबक, पिकांची फेरपालट, पाण्याची वाटणी, तोडीचा दर आणि गावात बारमाही काम, एवढ्या सगळ्या गोष्टी त्या एका प्रश्नात गुंतलेल्या आहेत.

शिवाय गैरहजर म्हणून ज्याचे नाव हजेरीपटावर लाल शाईने पडत होते त्याच मुलाजवळ आता वर्गात कोणाजवळ नाही अशी वही असते. त्याने दोन जिल्हे पाहिले, दोन माती हाताळल्या. परिसर अभ्यासाचे गुण द्यावयाचे असतील तर प्रथम त्याला द्यावे लागतील.

शिक्षकांची अडचण आम्ही जाणतो. एका शिक्षकाकडे दोन दोन वर्ग, वर निवडणुकीची, जनगणनेची आणि ऑनलाइन माहिती भरण्याची कामे. म्हणून दोरी सोडणे, माती आणणे, भिंत सारवून देणे ही कामे गावाने उचलावी. आमच्या संघटनेचे हमाल बांधव विहिरीवर उभे राहावयास तयार आहेत. ओझे आणि दोरी ह्या दोन गोष्टी त्यांस कोणी शिकवावयास नको. खर्चाचे म्हणाल तर डिंक, चुना, गेरू आणि कोरे कागद, एवढाच; दुकानच्या चार पिशव्यांच्या पैशात वर्ग निघतो.

आत्ता वसंत चालू आहे, रान उघडे आहे, आणि माती गोळा करावयास हेच दिवस चांगले; मृग लागला की सगळ्या मातीचा एकच चिखल होतो. पाच ठिकाणची माती पाच मडक्यांत भरून त्यांवर शेताच्या नावाच्या चिठ्ठ्या लावून ठेवाव्यात. शाळा जूनमध्ये उघडतील. विहिरीची पहिली रेघ मात्र मे महिन्यातच ओढलेली असावी, पाणी सर्वांत खाली असताना. ती सुटीत कोण ओढणार, हे आज येथून उठण्यापूर्वी ठरले तर बरे.